सातव्यांदा

माल्टात, मार्साच्या मैदानावर माझी खुर्ची
पाण्याच्या खड्ड्यापासून चार पावलांवर.
मांडीवर पिवळं निशाण, घडी घातलेलं,
कानावर पेन्सिल, डोक्यावर गोदीतल्या नोकरीची टोपी.
काम एवढंच: बघायचं,
कुणाचा पाय अडथळ्याच्या बाहेरून तर गेला नाही.
एकतीस वर्षं जहाजांचे तळ खरवडलेत मी.
पाण्याच्या रेषेखाली बघायची सवय आहे.

बारा देश. दर खेळात प्रत्येकाचं एकच माणूस.
पहिल्याला बारा गुण, शेवटच्याला एक,
आणि पोचतच नाही त्याला काही नाही.
लहान देशांची ही खालची पायरी;
इथे विक्रम मोडायला कुणी येत नाही,
येतात ते तक्त्यात शून्य पडू नये म्हणून.
काल एका उंच उडीवाल्या पोरानं
पोलव्हॉल्टची काठी उसनी आणली
आणि सगळ्यात खालच्या आडव्या दांडीवरून
मांजर भिंत उतरतं तसा पलीकडे गेला.

आज बायकांची स्टीपलचेस.
संध्याकाळचे सात, तरी दगड तापलेला,
आग्नेयेकडून आमचा श्लोक्क वारा,
ओल्या फडक्यासारखा तोंडावर बसणारा.

पहिल्या खेपेला बाराच्या बारा एकदम आल्या,
माझे बूट भिजले.
तिसऱ्या खेपेला आर्मेनियाची आराक्सी मेलकुम्यान
(नाव मी नंतर यादीत वाचलं)
अडथळ्यावर पाय ठेवताना घसरली
आणि धक्क्यावरून सुटलेल्या पोत्यासारखी
आडवीच गेली पाण्यात.

उठली. छातीवरचा नंबर एका कोपऱ्यात सुटून लोंबत होता.
डावा पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला,
बाजारात खरबूज दाबून बघतात तसा.
मग निघाली.

चौथ्यांदा आली तेव्हा बाकीच्या अर्धी फेरी पुढे.
पाचव्यांदा तिघी तिला ओलांडून गेल्या,
एकीनं जाता जाता तिच्या दंडाला हात लावला.
सहाव्यांदा तिनं उडी मारलीच नाही:
अडथळ्यावर बसली, पाय पलीकडे टाकले,
पाण्यातून चालत बाहेर आली.
नियमात बसतं ते. नियम माझे पाठ आहेत.

कुंपणापलीकडे त्यांचा गोळाफेक्या,
दोन माणसांचा एक,
तळवे पांढरे, मानेवर पांढरा पट्टा,
तिच्या बरोबरीनं धावत होता. धावत कसला,
कपाट सरकवतात तसा स्वतःला सरकवत होता,
आणि एकच शब्द ओरडत होता.
मला कळला नाही.

अकरा जणी पोचल्या, पाणी प्यायल्या,
बूट सोडून गवतावर पडल्या.
माईकवाल्यानं गाणं लावलं आणि लगेच बंद केलं.

सातव्यांदा ती आली.
अडथळ्यासमोर थांबली.
माझ्याकडे पाहिलं. पंचाकडे पाहतात तसं नव्हे,
गोदीच्या फाटकावरच्या माणसाकडे पाहतात तसं:
आत सोडतोस का?

मला बोलायची परवानगी नसते.
मी निशाण मांडीवरून उचललं
आणि खुर्चीखाली ठेवलं.

वहीत लिहिलं: सातवी. बरोबर.

तो एक गुण धरून त्यांचा देश नववा आला.
न धरताही नववाच आला असता.
बेरीज मी दोनदा केली, रात्री घरी पुन्हा एकदा.
बायको म्हणाली, मग उपयोग काय झाला?
तिच्या गुडघ्याला मी रोज तेल चोळतो.
रोज विचारतो, काही गुण आला का.
रोज म्हणते, थोडा.

सकाळी खड्डा उपसणंही माझ्याकडेच.
तळाशी लाल मातीचा गाळ, गम, एक बुडालेलं गांधील,
आणि एक सेफ्टी पिन, उघडी.
ती मिटवून टोपीला लावली
आणि बादली परत बुडवली.